भटकंतीसाठी हातघडणीची सुरी आणि तिचे चामड्याचे म्यान : पोलाद कोणते, पाणी कुठे द्यावे, चामडे कसे निवडावे?

डोंगरवाटा (प्रश्न)

नमस्कार. मी कोथरूडला राहतो. राजगड, तोरणा आणि ताम्हिणीच्या परिसरात मुक्कामाची भटकंती करतो आणि तिथे वापरता येईल अशी एक न दुमडणारी सुरी स्वतःच्या हातांनी करावी, असे बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. कामे साधीच आहेत. दोर कापणे, वाळलेल्या काटकीच्या कपच्या काढून चूल पेटवणे, कांदा-बटाटा चिरणे, क्वचित एखादी खुंटी तासणे. झाडे तोडायची नाहीत आणि सुरी फेकण्याचाही छंद नाही. माझ्याकडे व्हाइस, हातड्रिल, लहान अँगल ग्राइंडर आणि बऱ्यापैकी कानशी आहेत. बेल्ट ग्राइंडर नाही आणि एवढ्यासाठी तो घ्यायचाही नाही.

अडचणी अशा आहेत. जुन्या बाजारात ट्रकच्या पाट्याचा (चाकावरच्या कमानी स्प्रिंगच्या पट्टीचा) एक तुकडा मिळतो आहे, त्याची जाडी ८ मिमीच्या आसपास आहे. कोयते याच पोलादाचे करतात म्हणून तो घ्यावा, असे एक मित्र म्हणतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की बेअरिंगचे पोलाद, म्हणजे ईएन ३१, याहून सरस. दुसरी अडचण पाणी देण्याची, म्हणजे पाते तापवून आणि विझवून कडक करण्याची. गॅलरीत गॅसच्या टॉर्चने पाते लाल करून तेलात बुडवले तर पुरेसे होईल का? तिसरी गोष्ट म्यानाची. पर्ससाठी वापरतात ते मऊ चामडे मला सहज मिळू शकते. सुरी पूर्ण झाली की तिच्या मापाचे म्यान चर्मकाराकडून शिवून घ्यावे, असा विचार आहे. यात काही चुकत असेल तर जाणकारांनी सांगावे. अशी सुरी जवळ बाळगण्याबाबत कायदा काय म्हणतो, हेही कोणी स्पष्ट केले तर बरे होईल.

भट्टीवाले_काका

तुमचे मित्र दोघेही पोलादाच्या नावावरून भांडत आहेत. पहिल्या सुरीच्या बाबतीत नावापेक्षा पात्याची जाडी, धारेचा उतार आणि पाणी या तीन गोष्टींनी अधिक फरक पडतो. पिंपरी-भोसरी पट्ट्यात हीट ट्रीटमेंटच्या कामात माझा बराच काळ गेला आहे, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

पाट्याचे पोलाद वाईट नाही. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या मधले कार्बन असते, ते चिवट असते आणि कोयत्याला चिवटपणाच हवा असतो, कारण कोयता आपटायचा असतो. पण पाटा गाडीखाली लाखो वेळा वाकून आलेला असतो. त्याच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते आणि ती नेमकी तेलात विझवताना उघडते. शिवाय स्प्रिंगच्या पोलादाच्या ईएन ४५, ईएन ४७, एसयूपी ९ अशा ग्रेडपैकी तो पाटा कोणत्या ग्रेडचा आहे, हे भंगारवाल्याला ठाऊक नसते आणि पाणी देण्याचे तापमान तर त्यावरच ठरते. सर्वांत मोठा त्रास जाडीचा आहे. लोहार तो पाटा भट्टीत तापवून घणाखाली पातळ करतो. तुम्ही वाकडा, ८ मिमी जाडीचा पाटा कानशीने साडेतीन मिमीवर आणायला निघालात, तर कामाचा उत्साह तिथेच संपेल.

ईएन ३१ उत्तम पोलाद आहे. त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आत-बाहेर क्रोमियम असते. मात्र त्या क्रोमियममुळेच ते ठरलेल्या तापमानावर काही वेळ स्थिर धरावे लागते, तेव्हाच कार्बाइड (कार्बन आणि क्रोमियमचे कडक कण) नीट विरघळतात. टॉर्चच्या ज्योतीत हे साधत नाही.

माझा सल्ला ओएचएनएस, म्हणजे तेलात विझवून कडक होणारे टूल स्टील, घेण्याचा आहे. आपल्या भागात डाय आणि प्रेस टूलचे कारखाने भरपूर असल्यामुळे भोसरी-चिंचवडच्या टूल स्टील विकणाऱ्यांकडे त्याची पट्टी, नरम केलेल्या अवस्थेत, हव्या त्या जाडीत कापून मिळते. त्यात सुमारे ०.९ टक्के कार्बन, एक टक्क्याच्या थोडे वर मँगनीज आणि जोडीला जरासे क्रोमियम व टंगस्टन असते. ते कानशीने मुकाट्याने कापले जाते, तेलात विझवल्यावर फारसे वाकत नाही आणि त्याला धारही छान लागते. गंज मात्र लवकर धरते. घरातली जुनी विळी कैरी चिरल्यावर जशी काळी पडते, तसेच हे पातेही काळवंडेल आणि त्यात बिघडण्यासारखे काही नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

मापांबद्दल सांगायचे तर पाते १०० मिमी, रुंदी २८ ते ३० मिमी, जाडी साडेतीन मिमी आणि मुठीच्या आतून शेवटपर्यंत जाणारी सलग पट्टी, एवढे तुमच्या सर्व कामांना पुरते. पाते आणि मूठ जिथे मिळतात तिथे आतला कोपरा काटकोनात ठेवू नका. तो गोल कानशीने गोलसर करा, कारण विझवताना तडा जायचा झाला तर अशा टोकदार कोपऱ्यातूनच जातो. मुठीच्या पिनांची भोके कडक करण्यापूर्वीच पाडून घ्या, नंतर साधे ड्रिल त्यावर चालणार नाही. धारेकडची कड आत्ताच पातळ करू नका. पाणी देण्याआधी तिथे ०.७ मिमीच्या आसपास जाडी राहू द्या, नाहीतर ती कड तेलात लाटेसारखी वळते.

आता गॅलरी. शंभर मिमीचे पाते हातातल्या टॉर्चने एकसारखे तापत नाही. टोक आधी पिवळे पडते आणि बुडखा अजून काळाच असतो. साधारण ७७० अंश सेल्सियसला पोलादाला चुंबक चिकटेनासे होते, हा जुना अंदाज बरोबर आहे, पण ओएचएनएसला त्याच्याही वर, ८०० अंशांच्या आसपास, दहा-पंधरा मिनिटे एकसारखे धरावे लागते. लाल पाते तेलात जाताना तेल भडकते आणि सोसायटीच्या गॅलरीत असा प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणाऱ्या भट्ट्या आहेत. त्यांचा दर किलोवर असतो आणि किमान आकारणी ठरलेली असते, म्हणून एकट्या पात्यासाठी जाण्यापेक्षा दोन-चार जणांनी मिळून जावे. तिथे तापमान सांगत बसू नका. ग्रेड सांगा आणि ‘५८ ते ६० एचआरसी हवे, पाते उभे टांगून विझवा’ एवढेच सांगा (एचआरसी म्हणजे कडकपणाचे रॉकवेल माप). हे पोलाद तेलात विझवायचे असल्यामुळे निव्वळ गॅसने थंड करणारी व्हॅक्यूम भट्टी त्याला योग्य नाही, सॉल्ट बाथ (वितळलेल्या क्षारांची भट्टी) किंवा तेलाची सोय असलेली भट्टी पाहा. विझवल्यावर पाते काचेसारखे ठिसूळ असते, त्यामुळे टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा थोडे तापवणे, त्याच दिवशी, त्याच ठिकाणी झाले पाहिजे.

पाते परत आल्यावर कडेवर जुनी कानस हलकेच ओढून पाहा. पाणी नीट बसले असेल तर कानस रुतत नाही, काचेवरून घसरल्यासारखी सुळकन पुढे जाते आणि तिचा आवाजही बारीक, किणकिणता येतो. ती रुतली आणि भुकटी पडली, तर आधी वरचा पातळ, कार्बन निघून गेलेला थर पॉलिश पेपरने काढा आणि मग पुन्हा तपासा. त्यानंतरची सर्व घासाई पाते गार ठेवून करायची आहे. ग्राइंडर लावलाच तर उघड्या बोटांनी पाते धरा, चटका बसू लागला की पाण्यात बुडवा. कडेवर गवती पिवळा रंग दिसला तर पोलाद २०० अंशांच्या पुढे गेले आणि निळा दिसला तर ३०० च्या घरात गेले. निळ्या झालेल्या जागेचा कडकपणा उतरलेला असतो आणि तिथे धार टिकत नाही.

रापी_आणि_आरी

काकांनी पात्याचे सांगितले, मी म्यानाबद्दल लिहिते. मी बॅगा आणि पट्ट्यांचे काम करते आणि सुऱ्यांची म्यानेही शिवते.

तुमच्या योजनेतला ‘सुरी पूर्ण झाली की मग म्यान’ हा क्रम मला पटत नाही. म्यानात सुरी कशाने अडून राहणार, हे मुठीच्या आकारावर ठरते आणि मूठ एकदा घासून झाली की ते बदलता येत नाही. बटणाची पट्टी नको असेल तर मुठीचा साधारण तिसरा हिस्सा म्यानात जावा लागतो. त्या हिश्श्यात मुठीला एक फुगवटा आणि त्याच्या पुढे किंचित कंबर असावी लागते, म्हणजे चामडे त्या कंबरेत बसते आणि सुरी आत जाताना ‘टक्’ असे जाणवते. मूठ सरळ दांडक्यासारखी केलीत किंवा पुढे बाहेर निघणारी आडपट्टी लावलीत, तर असे म्यान होतच नाही, मग पट्टी आणि बटण आले. म्हणून पोलाद कापण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याची सुरी कापा, तिच्यावर कागदाचे म्यान गुंडाळा आणि दोन्हींची आखणी एकाच बैठकीत करा.

पर्सचे मऊ चामडे मात्र घेऊ नका. ते क्रोमने कमावलेले असते. ते आकार धरत नाही, पाते आत जाताना दुमडते आणि त्यात राहिलेले क्षार पात्याला गंजवतात, पितळी पिनांवर हिरवट थर आणतात. म्यानाला वनस्पतीजन्य कमावणीचे चामडे लागते, म्हणजे बाभळीची साल, हिरडा अशा तुरट द्रव्यांनी कमावलेले. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच जातीचे असते. ज्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या कारागिरांना चामडे पुरवणाऱ्यांकडे किंवा पुण्यात चप्पल-बुटांचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत विचारले तर तुकड्यावरही मिळते. जाडी ३ ते साडेतीन मिमी हवी. ओळखायचे कसे? कापलेली कड पाहा. क्रोमच्या चामड्याची कड आतून निळसर-करडी दिसते, वनस्पतीजन्य चामडे आरपार तपकिरी असते. तरीही शंका वाटली तर एक चिंधी उकळत्या पाण्यात टाका, वनस्पतीजन्य चामडे लगेच आक्रसून कडक होते आणि क्रोमचे बहुधा तसेच राहते.

म्यानाचा जीव त्याच्या मधल्या पट्टीत असतो. दोन पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, त्याच चामड्याची आठ-दहा मिमी रुंद पट्टी चिकटवायची, म्हणजे पाते आत जाताना धार त्या पट्टीवर टेकते, टाक्यांवर नाही. ही पट्टी न घातलेले म्यान सुरी स्वतःच आतून उसवते आणि एके दिवशी धार बाहेर येऊन मांडीला लागते. बाजारातल्या स्वस्त म्यानांत ही पट्टी सर्रास गाळलेली असते, त्यामुळे शिवून घ्यायचे ठरवलेत तरी चर्मकार काकांना ती आवर्जून सांगा. कमरपट्ट्याचा फासा मात्र म्यान बंद करण्यापूर्वी शिवावा लागतो, नंतर आत हात जात नाही.

शिवण हाताने घाला. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात, त्यामुळे एक टाका तुटला की शेजारचे सैल होतात. हाताच्या शिवणीत एकच मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुई, आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एखादा टाका घासून तुटला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्या. कडेपासून तीन-चार मिमी आत रेघ ओढा, चार-पाच मिमीवर खुणा करा आणि आरी (भोके पाडायचा टोचा) काटकोनात धरा. तीन पदर मिळून दहा मिमीच्या आसपास चामडे होते आणि आरी तिरकी गेली तर मागची ओळ नागमोडी दिसते. हात बसेपर्यंत ही भोके हातड्रिलच्या बारीक पात्याने पाडली तरी कोणी नावे ठेवणार नाही.

मग आकार देणे, आणि मला सर्वांत आवडणारा टप्पा हाच. शिवलेले म्यान कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवा. सुरीला तेल लावून स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, आत घाला आणि चमच्याच्या दांड्याच्या गोल टोकाने मुठीच्या कंबरेभोवती चामडे दाबत जा. ओले चामडे बोटाखाली मातीसारखे वळते आणि दाबलेली रेघ तशीच राहते. तासाभराने सुरी बाहेर काढून म्यान सावलीत, पंख्याखाली वाळू द्या. ऊन नको, केस वाळवण्याचे यंत्र तर मुळीच नको, त्याने चामडे तडकते. पूर्ण वाळल्यावर कडा घासा, ओल्या मांजरपाटाने चोळून चकाकी आणा आणि मेण व खोबरेल तेल एकत्र गरम करून त्याचा पातळ हात द्या. तेल जास्त झाले तर म्यान पुन्हा लुळे पडते. टोकाशी पाणी निथळायला एक बारीक भोक ठेवायला विसरू नका.

किल्लेदार_नव्हे

चामड्याचे एवढे कौतुक वाचून राहवले नाही. ताम्हिणीत जुलैमध्ये भटकणाऱ्याने चामडे कशाला घ्यावे? कायडेक्सचे (गरम करून आकार देता येणाऱ्या प्लास्टिक शीटचे) म्यान पाणी पीत नाही, त्याला बुरशी येत नाही आणि नळाखाली धुता येते. दिसायला ते रूक्ष आहे, हे मान्य.

कायद्याबाबत थोडक्यात सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे येतात, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली सोडून. तुमचे चार इंची पाते त्या मापाच्या बरेच आत आहे. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगण्यावर बंदी असते. त्यामुळे सुरी कमरेला लावून स्वारगेटच्या एसटी स्थानकात उभे राहू नका. ती म्यानासह, कापडात गुंडाळून, पाठपिशवीच्या तळाशी ठेवा आणि मुक्कामी पोहोचल्यावरच बाहेर काढा. मुठीसाठी कोणी सांबराचे किंवा चितळाचे शिंग देऊ केले, तर जंगलात गळून पडलेले आहे असे सांगितले तरी घेऊ नका, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ त्याला परवानगी देत नाही.

डोंगरवाटा

सर्वांचे मनापासून आभार. पाट्याचा तुकडा घेण्याचा विचार सोडला आहे आणि पुठ्ठ्याची सुरी आज रात्रीच कापतो. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. काका, मुठीसाठी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून शिसवीचा तुकडा आणावा म्हणतो, तो पावसात टिकेल का? आणि ताई, किल्लेदारांचा मुद्दा मला थोडा पटतो आहे. पावसाळ्यात चामड्याचे म्यान खरोखर निरुपयोगी ठरते का?

भट्टीवाले_काका

शिसवी टिकेल, जड आणि तेलकट लाकूड आहे. मात्र त्याच तेलकटपणामुळे चिकटवण्यापूर्वी आतली बाजू खरखरीत करून थिनरने पुसावी लागते, नाहीतर अॅराल्डाइट धरत नाही. पाऊस डोळ्यांसमोर ठेवून विचाराल तर मी हायलम सांगेन. विजेच्या पॅनेलमध्ये वापरतात ती कापड आणि रेझिनच्या थरांची तपकिरी शीट. ती फुगत नाही, आक्रसत नाही, ओल्या हाताला घसरत नाही आणि लाकडापेक्षा स्वस्त पडते. मात्र कागदाच्या थरांची नको, कापडाची मागा. कापताना तोंडाला मास्क लावा, तिची धूळ फुप्फुसांना वाईट. पिनांसाठी ५ मिमीची पितळी सळी बोहरी आळीत मिळेल. अॅराल्डाइट लावल्यावर शिकंजा फार आवळू नका. सगळा गोंद बाहेर निघून गेला तर सांध्यात काही उरत नाही. जलद सुकणारे नव्हे, सावकाश सुकणारे घ्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

रापी_आणि_आरी

किल्लेदारांचे निम्मे म्हणणे खरे आहे. ओल्या चामड्यात सुरी आठवडाभर ठेवली, तर कमावणीतले तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून पाते काळे करते आणि म्यानही आतून काळे पडते. म्हणून म्यान हे सुरी वाहून नेण्यासाठी असते, साठवण्यासाठी नाही. भटकंतीहून आल्यावर सुरी बाहेर काढा, धुवून कोरडी करा, तेलाचा पुसट हात द्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी ठेवा. पाते खाण्याच्या वस्तूंना लागणार असल्यामुळे तेल खाद्यच वापरा, पण पातळ लावा, कारण खाद्य तेल जाड राहिले की चिकट होते. म्यान उघड्यावर, हवेशीर जागी टांगा. पांढरी बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा मेण लावा, चामड्याचे काही बिघडत नाही.

जून ते सप्टेंबर तुम्ही दर आठवड्याला घाटातच असणार असाल, तर त्या चार महिन्यांसाठी कायडेक्स करून घ्या, माझा त्याला विरोध नाही. फक्त मुठीचा फुगवटा आणि कंबर आखताना दोन्ही म्याने लक्षात ठेवा. कायडेक्स मुठीच्या सुरुवातीलाच पकड घेते आणि चामड्याला तिसरा हिस्सा लागतो, त्यामुळे कंबर पुठ्ठ्यावर थोडी पुढे घ्या. पुठ्ठा कापून झाल्यावर सुरीच्या बाजूला मोजपट्टी ठेवून एक छायाचित्र इथे टाका, म्हणजे पोलाद आणण्यापूर्वी मापे पाहता येतील.